प्रोफेशनल म्हणजे नक्की कोण?

आपल्या आयटीवाल्यांचं एक बरं असतं. शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूला कोणीतरी हो म्हणतं, घरी ऑफर लेटर येतं आणि त्या एका कागदाच्या जोरावर आपण रातोरात 'प्रोफेशनल' होतो. कोड लिहिता येतो का, हा प्रश्न नंतरचा. (काहींच्या बाबतीत तो शेवटपर्यंत येत नाही. :) ) पहिला पगार जमा होतो, आई देवापुढे पेढे ठेवते, विषय संपला.

खेळाडूंचं असं नसतं. हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो ऑफिसच्या कॅन्टीनशेजारी असलेल्या पूल टेबलमुळे. जेवणानंतर तिथे चार-पाच जण नेमाने पडीक असतात, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर एकदा बायकांच्या पूलची मॅच लागली होती. खेळणारीच्या नावाखाली लिहिलेलं, 'प्रोफेशनल'. आमच्यातल्या एकाने सहज विचारलं, "हे कोण ठरवतं रे? परीक्षा असते का याची?" कोणालाच सांगता येईना. म्हटलं, या वीकेंडला हेच शोधू. सुरुवात अमेरिकेतून केली आणि पोचलो थेट आमच्या कराडला. कसा, ते सांगतो.

आधी पूल. स्नूकरचं टेबल बारा फुटी, भलंथोरलं. पूलचं त्याहून लहान, आणि बायकांच्या मोठ्या स्पर्धा बहुतेक 'नाइन-बॉल' प्रकारात होतात, म्हणजे टेबलावर फक्त नऊ बॉल. अमेरिकेत जीन बालुकस नावाची ब्रुकलिनची एक मुलगी १९७२ ते १९७८ अशी सलग सात वर्षं यूएस ओपन जिंकत होती. इतकी चांगली खेळणारी बाई प्रोफेशनल होती का? कौशल्य बघितलं तर प्रश्नच नको. पण नुसत्या कौशल्यावर कोणी प्रोफेशनल होत नाही. आमच्या गल्लीत आजवर चार तरी सचिन होऊन गेले!

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या खेळाडू बायकांची स्वतःची व्यावसायिक संघटना निघाली. म्हणजे झालं काय? तर वर्षाचं वेळापत्रक, नियम, क्रमवारी आणि बक्षिसाची रक्कम या गोष्टी एका छपराखाली आल्या. 'मी प्रोफेशनल आहे' असं म्हणायला काहीतरी आधार मिळाला. १९९५ मध्ये इंग्लंडची ॲलिसन फिशर अमेरिकेला गेली. ही बायकांच्या स्नूकरमधली सात वेळची विश्वविजेती. तरी खेळ बदलला, देश बदलला. कारण साधं होतं. इंग्लंडमध्ये बायकांच्या स्नूकरमध्ये मान होता, पैसा नव्हता. अमेरिकेत बायकांच्या पूलला स्वतःच्या स्पर्धा होत्या, टीव्ही होता, प्रायोजक होते. तिने पुढे नाइन-बॉलची विश्वविजेतीपदंही जिंकली. म्हणजे हातातली कला तीच, पण ज्या गावात तिला बाजार होता तिथे ती बाई पोट भरू शकली.

स्नूकरची गंमत तर आणखी वेगळी. १९९१ मध्ये स्नूकरच्या व्यावसायिक संघटनेने दार सगळ्यांना उघडलं. फी भरा आणि प्रोफेशनल व्हा! शेकडो लोक झाले, त्यात ॲलिसन फिशरसारख्या बायकाही होत्या. पुढे हे दार पुन्हा अरुंद झालं आणि 'टूर कार्ड'ची पद्धत रुळली. कार्ड दोन वर्षांचं, दरम्यान क्रमवारीत वर आलात तर राहाल, नाहीतर कार्ड परत. २०२१ मध्ये बायकांच्या क्रमवारीतून इंग्लंडची रियान इव्हान्स आणि हाँगकाँगची ऑन-यी यांना अशी कार्डं मिळाली. म्हणजे आमच्या कॅन्टीनमधल्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर असं की, ज्या संघटनेच्या यादीत नाव, ती प्रोफेशनल. परीक्षा वगैरे काही नाही.

पण हे उत्तर मला पटेना. पूलच्या बहुतेक स्पर्धांत खेळाडूलाच प्रवेश फी भरावी लागते. विमानाचं तिकीट, हॉटेल, सगळं स्वतःचं. वरचे काही नंबर आले तर पैसे, नाहीतर घरचं घालून परत. म्हणून यादीत नाव असलेल्या बऱ्याच जणी दुसरीकडे शिकवतात, दुकान चालवतात, नोकरी करतात. आता ज्या कामासाठी आपणच पैसे मोजतो, त्याला 'प्रोफेशन' म्हणायचं? आपल्या कंपनीने सांगितलं असतं की, रिलीज यशस्वी झाला तरच पगार आणि लॅपटॉप तुमचा तुम्ही आणा, तर किती जण थांबले असते?

तेव्हा तीन वेगवेगळ्या कसोट्या डोक्यात ठेवू. एक, खेळाचे पैसे मिळतात का? दोन, कोणाच्या अधिकृत यादीत नाव आहे का? आणि तीन, त्या खेळावर घर चालतं का? गंमत अशी की या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला क्वचितच येतात. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण सापडलं ते कराडपासून हाकेच्या अंतरावर, गोळेश्वरला.

खाशाबा जाधवांचं नाव आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. १५ जानेवारी १९२६ चा जन्म, घरात कुस्ती वडिलांपासूनची. शाळा कराडचं टिळक हायस्कूल, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात ब्राँझ. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं, लिअँडर पेसचं. चव्वेचाळीस वर्षं!

आता या पदकाचा हिशेब बघा. लंडनच्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती. हेलसिंकीच्या वेळी पैसे कोणी द्यायचे? गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर खाशाबांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम पंचांना सांगायला त्यांच्या जवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता, असं सांगतात. थकलेल्या अंगाने ते सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढले आणि हरले. नाहीतर पदकाचा रंग कदाचित वेगळा दिसला असता.

परत आल्यावर कराड स्टेशनपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. शंभरावर गाड्या होत्या म्हणे. हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यानंतरचं कमी ऐकलेलं असतं. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यांत स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

हे वाचून मी थांबलोच. ऑलिंपिकच्या भाषेत खाशाबा 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी. पैशासाठी न खेळणारा. आणि या हौशी माणसाला हौसेचं कर्ज फेडायला पैशाच्या कुस्त्या कराव्या लागल्या!

हा 'हौशी' शब्द आला कुठून, हेही बघण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नौकानयनाच्या काही क्लबांनी असा नियम केला होता की जो हाताने काम करून पोट भरतो, कारागीर असो की मजूर, तो अमॅच्युअर धरला जाणार नाही. म्हणजे तो पैशासाठी नाव वल्हवतो की नाही हा मुद्दाच नव्हता, त्याचा जन्म कुठला हा मुद्दा होता. क्रिकेटमध्ये तर 'जंटलमन' आणि 'प्लेअर' असे दोन वर्ग होते. मैदानावर यायचे दरवाजे वेगळे आणि स्कोअरकार्डावर नाव छापायची पद्धतही वेगळी. इंग्लंडने हा भेद मोडला थेट १९६२ च्या शेवटी. ऑलिंपिकने हीच कल्पना उचलली. १९१२ मध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या जिम थॉर्प या अमेरिकन आदिवासी खेळाडूची पदकं पुढच्याच वर्षी काढून घेतली, कारण काय, तर त्याने आधी किरकोळ पैशावर बेसबॉल खेळला होता. ज्याच्या घरी खायला आहे त्याने हौस करावी, आणि ज्याच्या घरी नाही त्याने खेळूच नये, असा हा सरळ हिशेब. त्या हिशेबात गोळेश्वरचा शेतकऱ्याचा मुलगा बसणारच कसा?

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे पैशाची कुस्ती होतीच की. होतीच! सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पैलवानी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. गावच्या जत्रेत दुपारी हलगी वाजायला लागली की आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग दहा-वीस रुपयांच्या, आणि दिवस कलताना पहिल्या नंबरची मोठी जोड. इनामाची रक्कम गावकमिटी आधीच जाहीर करते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी उभ्या केल्या, मल्लांना खुराक दिला, आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान सुरू झालं. तो काळ म्हणजे खरी व्यावसायिक कुस्ती. एक मालक, त्याने पोसलेला मल्ल, आणि मल्ल हरला तरी दुसऱ्या दिवशी तालमीत दूध-बदाम मिळणार याची खात्री. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संस्थानं गेली तसा हा आश्रयही गेला. राहिली ती जत्रेतली रोजंदारी. जिंकलास तर इनाम, गुडघा गेला तर घरी बस.

आणि या सगळ्यात बाई कुठे होती? होती एक. हमीदा बानू. मूळच्या उत्तर प्रदेशातल्या, पण त्यांच्या गोष्टीचा मोठा भाग आपल्या मुलखात घडला. १९४० आणि ५० च्या दशकात त्या पुरुष पैलवानांशी तिकीट लावून लढायच्या. १९५४ मध्ये तर त्यांनी जाहीर केलं होतं की, जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. त्या वर्षी मे महिन्यात बडोद्यात बाबा पहिलवानाला त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. मुंबईत व्हेरा चिस्तिलिन या रशियन पैलवान बाईला तर एका मिनिटाच्या आत.

आपल्या तीन कसोट्या लावून बघा. पैसे मिळत होते? हो, तिकिटं खपत होती. घर चालत होतं? चालत होतं. मग यादीत नाव? नाही. कुठल्याच यादीत नाही. पुण्यात त्यांची एक कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात त्यांनी एका पुरुष मल्लाला हरवलं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. त्यांच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा त्यांनी मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. उत्तर आलं की बंदी बाई म्हणून नाही, त्यांच्यासमोर लुटुपुटूचे पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. कुस्त्या सगळ्या खऱ्या होत्या की काही ठरवलेल्या, यावर वाद घालता येईल. पण एक सांगा, खऱ्या-खोट्याचा निवाडा करायला पंच, वजनगट, नोंदवही लागते ना? ती बाईसाठी कोणी ठेवलीच नव्हती. आधी तिला मैदानाबाहेर ठेवायचं आणि मग विचारायचं की तुझा निकाल अधिकृत कुठे आहे! शेवटच्या काळात हमीदा बानू कल्याणला राहात होत्या. दूध विकून, खोल्या भाड्याने देऊन, आणि अखेरीस रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकून त्यांनी दिवस काढले. १९८६ मध्ये त्या गेल्या.

म्हणजे बघा, एकाच काळात, एकाच राज्यात दोन मल्ल. एकाला मान मिळाला, पण खेळातून पोट भरता आलं नाही. दुसरीला पोट भरता आलं, पण मान मिळाला नाही. यातला प्रोफेशनल कोण? माझ्या मते दोघंही नाहीत. आणि दोष दोघांचाही नाही.

खाशाबांचं पोट शेवटी कशावर भरलं? १९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. सत्तावीस वर्षं नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. १९८४ मध्ये कराडजवळ मोटरसायकलच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, सोळा वर्षांनी. २०१७ मध्ये तर त्यांच्या कुटुंबाने ते ऑलिंपिक पदक लिलावात काढायचं जाहीर केलं होतं, कारण गोळेश्वरला जाहीर झालेली कुस्ती अकादमी काही उभी राहात नव्हती.

इथे आमच्या मामांची आठवण येते. मामेबहीण कराडला तालमीत जाते, जिल्हा पातळीवर खेळते. गणपतीत गेलो होतो तेव्हा मामांनी मला बाजूला घेतलं. "अरे, तू शिकलेला आहेस, तू सांग तिला. खेळायला माझी ना नाही. पण बारावीनंतर पुढं काय? पोलीस भरतीत खेळाडूंना जागा असतात म्हणं. तेवढं सर्टिफिकेट मिळालं की बास." मी तेव्हा मनात म्हटलं, काय हे, पोरगी पदकाची स्वप्नं बघतेय आणि बाप भरतीचा फॉर्म बघतोय. पण हा सगळा इतिहास वाचल्यावर मला मामांचं म्हणणं वेगळं दिसायला लागलं. मामा कोत्या मनाचे नाहीत. खाशाबांच्या तालुक्यातल्या माणसाला अनुभवाने जे कळलंय तेच ते बोलत होते. आपल्याकडे खेळाडूला प्रोफेशनल करते ती सरकारी नोकरी!

आणि हे काही थट्टेवारी न्यायचं नाही. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि बायकांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली ती पुण्यात. तीन संघ होते, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या पिढीच्या मुली रिझर्व्हेशनशिवाय रेल्वेने जायच्या, डॉर्मिटरीत जमिनीवर झोपायच्या. त्यांना आधार दिला तो रेल्वेने. डायना एडलजी पश्चिम रेल्वेत होत्या, आणि बायका खेळाडूंना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनीच जोर लावला. मिताली राजसुद्धा रेल्वेचीच. २००५ मध्ये भारताचा महिला संघ वर्ल्ड कपच्या फायनलपर्यंत गेला, तेव्हा खेळाडूंना एका सामन्यामागे मिळत होते हजार रुपये. वर्ल्ड कपची फायनल खेळणारी मुलगी महिनाअखेर बघायची ती रेल्वेच्या पगाराकडे.

साताऱ्याच्या माण तालुक्यातली, मोहीची ललिता बाबर घ्या. माण म्हणजे दुष्काळी भाग. तिथली ही मुलगी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला धावली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या शर्यतीची ऑलिंपिक फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई. धावत होती तेव्हा रेल्वेत नोकरीला होती, नंतर राज्य सरकारच्या महसूल खात्यात अधिकारी झाली. चांगलंच झालं. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्याने कित्येक घरं उभी राहिलीत. पण यातली मेख लक्षात आली का? ही नोकरी खेळल्याबद्दल मिळते, खेळण्यासाठी नाही. ती बक्षीस आहे. खेळ संपल्यावर सुरू होणारं आयुष्य ती सांभाळते. खेळ चालू असतानाचा महिना कोणी सांभाळायचा, हा प्रश्न तसाच राहतो.

तो प्रश्न कसा सुटतो याचं उदाहरणही आपल्याच पट्ट्यात आहे. कराडहून तासा-दीड तासावर, सांगलीच्या माधवनगरला. स्मृती मानधना मुंबईत जन्मली, पण वाढली सांगलीत. वडील आणि भाऊ दोघंही क्रिकेट खेळलेले. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी १९ वर्षांखालच्या. २०१३ मध्ये बडोद्याला गुजरातविरुद्ध १९ वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात १५० चेंडूंत नाबाद २२४. त्याच वर्षी भारतीय संघात.

स्मृती गुणी आहे यात वादच नाही. पण गुणी मुली आधीही होत्या. फरक तारखांमध्ये आहे. २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. २०१५ मध्ये पहिल्यांदा महिला खेळाडूंना वार्षिक करार मिळाले, वरच्या श्रेणीला वर्षाला १५ लाख. २०१६ मध्ये स्मृती आणि हरमनप्रीत ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशमध्ये खेळल्या, तिथे जाणाऱ्या पहिल्या भारतीय. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुरुष आणि महिलांची मॅच फी सारखी झाली. १३ फेब्रुवारी २०२३ ला महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात बंगळूरने स्मृतीला ३ कोटी ४० लाखांना घेतलं, त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. २००५ ची फायनल आणि २०२५ ची फायनल, मध्ये बरोबर वीस वर्षं.

या सगळ्या तारखांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती २०२३ ची लिलावाची नाही, २०१५ ची कराराची. का ते सांगतो. लिलाव, इनाम, बक्षीस हे सगळं जिंकण्याचे किंवा जिंकाल या आशेचे पैसे. करार मात्र वर्षाचा असतो. त्या वर्षात तुम्ही शून्यावर आउट व्हा, गुडघ्याचं ऑपरेशन करून सहा महिने घरी बसा, रक्कम ठरलेली. स्मृतीलाही २०१७ च्या वर्ल्ड कपआधी गुडघ्याची मोठी दुखापत झाली होती. ती परत आली आणि इंग्लंडविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये ९० धावा काढल्या. तिला फिजिओ होता, बंगळूरची अकादमी होती, वेळ होता. जत्रेत लढणाऱ्या पैलवानाचा गुडघा गेला की त्याचं काय होतं, ते आपल्याकडे गावोगावी बघायला मिळतं.

तर माझी व्याख्या अशी. जिला जिंकल्यावर पैसे मिळतात ती बक्षीसपात्र खेळाडू. जिचं नाव यादीत आहे ती नोंदणीकृत खेळाडू. आणि जिला हरूनही पुढच्या महिन्याची चिंता नाही, ती प्रोफेशनल. शाहू महाराजांच्या तालमीतला मल्ल या अर्थाने प्रोफेशनल होता. १९९१ ला फी भरून नाव नोंदवणारे स्नूकरपटू नव्हते. टीव्हीवर नावाखाली 'प्रोफेशनल' लिहिलेल्या पूल खेळाडूंपैकी कितीतरी जणी नाहीत. आणि तुम्ही-आम्ही आहोत, कारण आपला एखादा प्रोजेक्ट बोंबलला तरी एक तारखेला पगार होतो. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विशेष आहे हेच आपण विसरलोय.

यावर एक आक्षेप येईल. हरण्याची सोय केली की खेळाडू आळशी होतील, भूक लागते. आपल्याकडे हे वाक्य फार लाडकं आहे. पण मग सांगा, भुकेने पदकं मिळत असती तर खाशाबांनंतर चव्वेचाळीस वर्षं का लागली? भूक काय या देशात कमी होती? उलट, जो हरायला घाबरतो तो नवीन डाव शिकत नाही. मातीवरून मॅटवर जायचं तर आधी वर्षभर हरावं लागतं. जत्रेच्या इनामावर जगणाऱ्याला ते वर्ष परवडतच नाही.

थोडी बरी बातमी सांगून थांबतो. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे. बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली मार्च २०२३ मध्ये, आणि ती झाली सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून चांदीची गदा घेतली. ज्या कल्याणमध्ये हमीदा बानूंनी शेवटचे दिवस काढले, तिथली एक मुलगी बाकायदा पंचांसमोर, वजनगटात, नोंदवहीत नाव लागून अंतिम कुस्ती लढली. बासष्ट वर्षं उशिरा का होईना, यादी तयार झाली. आता करार व्हायला हवेत.

मामांना अजून फोन केलेला नाही, पण काय सांगायचं ते ठरलंय. भरतीचा फॉर्म भरू दे, त्यात कमीपणा नाही. पण तोवरची चार-पाच वर्षं तिच्या खुराकाचं, फिजिओचं, प्रवासाचं गणित आपण घरच्यांनी आणि मिळालाच तर एखाद्या प्रायोजकाने मिळून बसवू. माझ्या पगारातून महिन्याला थोडे गेले तर मी काही उपाशी मरत नाही.

आणि तुमच्या ओळखीत, गावाकडे, एखादी खेळणारी मुलगी असेल तर तिला "मेडल किती?" असं नेहमीचं विचारू नका. "हरलीस तर पुढच्या महिन्याचं कोण बघतं?" असं विचारा. उत्तर "कोणी नाही" असं आलं, तर आपल्याला काय करता येईल ते बघा.